एमपी५ च्या धर्तीची ९ मिमी सेमी-ऑटो कार्बाइन घ्यायची आहे. क्लोन बरा की वाईट, हे कसं ओळखायचं?

प्रश्नातले तपशील असे: तुम्ही टेक्सासमध्ये आहात, ग्रीन कार्ड आहे, रेंजवर वापरायला आणि घरी ठेवायला ९×१९ मधली कार्बाइन हवी आहे. एमपी५ (जर्मन कंपनी हेकलर अँड कोक, म्हणजे एचकेची सब-मशीनगन) चा साचा आवडतो, पण एचकेचीच सेमी-ऑटो आवृत्ती एसपी५ खिशाला जड जाते. तुर्की आणि अमेरिकन क्लोनबद्दल उलटसुलट ऐकून गोंधळ झाला आहे.

आधी कागदाचं बोलतो, कारण हे उत्तर एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ वर असलेले मराठी लोकही वाचतील. ग्रीन कार्डवाल्याला हरकत नाही. फॉर्म ४४७३ भरायचा, पार्श्वभूमी तपासणी व्हायची आणि काम झालं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर मात्र संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगणं मुळातच गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच वापरावेत. "विकत नाही घेत, रेंजवर भाड्याने चालवतो" ही पळवाट नव्हे, ताबा तिथेही तुमचाच असतो. आणि भारतात न्यायचा विचार मनातही आणू नका. ९ मिमी तिथे निषिद्ध बोअर आहे.

आता "कार्बाइन" हा शब्द. दुकानात दिसणारे बहुतेक एमपी५ क्लोन कायद्याने पिस्तूल असतात: सुमारे ८.९ इंची नळी आणि मागे दस्त्याऐवजी नुसती टोपी. त्याला दस्ता लावला की ती १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल होते, आणि त्यासाठी एनएफएखालचा (आखूड रायफली वगैरेंवरचा संघीय कायदा) फॉर्म १ आधी मंजूर व्हावा लागतो. त्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे. पण कर गेला, मंजुरी गेलेली नाही. आधी दस्ता लावून मग अर्ज करणं म्हणजे सरळ गंभीर गुन्हा. आयात केलेल्या पिस्तुलाची रायफल करताना ९२२(आर) या संघीय कलमाचाही हिशेब लागतो: यादीतल्या २० भागांपैकी परदेशी भाग १० पेक्षा जास्त नकोत. हा व्याप नको असेल तर १६ इंची नळीची, मुळातच रायफल म्हणून विकली जाणारी आवृत्ती घ्या. अमेरिकन कंपनी पीटीआरची ९आर तशी आहे. दिसायला ती थोडी लांबुडकी वाटते. वेगाच्या दृष्टीने मात्र ९ मिमीला ९ आणि १६ इंचांत फार मोठा फरक पडत नाही, दारू त्याआधीच बहुतेक जळून गेलेली असते.

एमपी५ ची रोलरवाली यंत्रणा खरंच हवी आहे का, हेही एकदा स्वतःला विचारा. साध्या ब्लोबॅकमध्ये नळी बंद ठेवणारी एकच गोष्ट असते, बोल्टचं वजन. एआर-९ (एआर-१५ च्या धर्तीची ९ मिमी) मध्ये बोल्ट आणि बफर मिळून सहाशे ग्रॅमच्या आसपास लोखंड मागेपुढे धावतं, म्हणून ९ मिमी असूनही खांद्याला ठोसा बसतो. एमपी५ मध्ये बोल्टच्या डोक्यातले दोन रोलर ट्रनियनच्या (नळी ज्यात बसते तो ठोकळा) खाचांत रुततात, आणि ते आत दबल्याशिवाय डोकं मोकळं होत नाही. तेवढ्या वेळात कॅरियर (डोक्यामागचा जड भाग) डोक्याच्या साधारण चौपट वेगाने मागे जातो. म्हणून हलक्या भागांत काम भागतं आणि झटका मऊ लागतो. पण याच कारणाने त्यात मोजमापं बिघडायला जागा जास्त. रुगरची पीसी कार्बाइन ही साध्या ब्लोबॅकची बंदूक एपी५ (तुर्की क्लोन, पुढे येतोच) पेक्षा बरीच स्वस्त आहे, जोडभाग लावून ग्लॉकची मॅगझिन घेते आणि तिच्यात तुम्हाला कुठली फट मोजत बसावं लागत नाही. फक्त कागदाला भोकं पाडायची असतील तर मी तीच सुचवेन. एमपी५ चा साचाच हवा असेल तर पुढे वाचा.

"क्लोन" या एका शब्दाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात. तुर्कीची एमकेई ही सरकारी कंपनी एचकेच्या परवान्यावर एमपी५ बनवत आली आहे, त्यामुळे तिचा माल परवानाधारक उत्पादनाच्या वळणाचा असतो. अमेरिकेत तोच आज सेंच्युरी आर्म्स एपी५ म्हणून आणते. पूर्वी एमकेईचा माल झेनिथ आणत असे. आता झेनिथ झेडएफ-५ स्वतः अमेरिकेत बनवते. म्हणजे जुनी झेनिथ आणि नवी झेनिथ एकाच नावाच्या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. वापरलेली घेताना रिसीव्हरवर निर्मात्याचं आणि आयातदाराचं नाव वेगवेगळं वाचा, फक्त मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. पाकिस्तानच्या पीओएफ या सरकारी शस्त्र कारखान्यानेही परवान्यावर उत्पादन केलं आहे आणि त्यांचा मालही अमेरिकेत आला आहे. पीटीआर दक्षिण कॅरोलिनातली, तिची ९सीटी पूर्ण अमेरिकन. भाव दुकानागणिक हलतात, पण ढोबळ मानाने एसपी५ तीन हजार डॉलरच्या आसपास, एपी५ त्याच्या निम्म्याच्या घरात आणि अमेरिकन माल या दोघांच्या मध्ये.

कंपनीचं नाव एवढंच सांगतं की गडबड निघाली तर भांडायचं कोणाशी. तुमच्या हातातला नग कसा आहे ते तो नगच सांगेल. म्हणून काउंटरवर जाताना खिशात फीलर गेज ठेवा, मोटरसायकलचा टॅपेट सेट करायला वापरतात तोच. पाती अरुंद हवीत.

दुकानदाराची परवानगी घ्या. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामा असल्याची खात्री करा. कॉकिंग हँडल पूर्ण मागे ओढून सोडून द्या. हाताने हळूच पुढे नेलं तर बोल्ट नीट बसत नाही आणि माप खोटं येतं. मग सुरक्षित दिशेला रोखून चाप ओढा, घोडा पडू द्या. आता मॅगझिनच्या विहिरीतून पातं वर घालून बोल्टचं डोकं आणि कॅरियर यांच्यातली फट मोजा. एमपी५ ला ०.२५ ते ०.४५ मिमी हवी. सोपी कसोटी: ०.२५ चं पातं जायला हवं, ०.४५ पेक्षा जाड जाता कामा नये. जी३ (एचकेचीच मोठी रायफल) चं माप ०.१ ते ०.५ असतं, ते इथे लावू नका. हा घोळ नेहमी होतो.

ही फट इतकी महत्त्वाची का? रोलरना बाहेर ढकलून धरते ती लॉकिंग पीसची पाचर. फट शून्य झाली की कॅरियर डोक्यालाच टेकतो, पाचरीचा जोर रोलरपर्यंत पुरता पोचत नाही, आणि नळीत दाब असतानाच बोल्ट उघडायला लागतो. अशी बंदूक झाडायची नाही. फट वापराने कमी होत जाते, नवीन भाग बसताना पहिल्या काहीशे फैरींत जरा जास्तच. म्हणून नव्या नगाची फट ०.२५ ला जेमतेम टेकत असेल तर मी तो घेणार नाही. ०.३५ च्या वर असेल तर बरं. कमी फटीवर थोडे मोठे रोलर हा उपाय आहे, ते शंभरांश मिलिमीटरच्या पायऱ्यांत मिळतात. पण तो झिजलेल्या बंदुकीचा उपाय झाला. नव्या बंदुकीला तो लागत असेल तर नळी ट्रनियनमध्ये चुकीच्या खोलीवर दाबली गेली आहे, आणि ती परत गेली पाहिजे. वापरलेल्या नगात आणखी एक लबाडी पाहा: डोक्याची मागची बाजू घासून फट दाखवलेली असते. बोल्ट बाहेर काढून तिथे ग्राइंडरचे ओरखडे किंवा फिनिश उडालेली चकचकीत पट्टी दिसली तर सौदा तिथेच संपवा.

दुसरी तपासणी सरळपणाची. माशीचा मनोरा मागच्या दृष्टिड्रममधून मध्यावर उभा दिसतो का? तो वाकडा वेल्ड झाला असेल तर नेम जुळवताना ड्रम एका कडेला जाऊन बसतो आणि पुढे सरकायला जागा उरत नाही. (ड्रमवरची चार भोकं अंतराची नाहीत, फक्त लहानमोठ्या आकाराची आहेत. "माझं ३ नंबर चुकतंय" असल्या तक्रारींत तथ्य नसतं.) कॉकिंग ट्यूबच्या वेल्डला भेग किंवा छिद्रं नकोत. मॅगझिन घालून हलवा. थोडं हलणं चालेल, पण पुढेमागे डुलत असेल तर काडतूस रॅम्पला अडकणारच. सप्रेसर लावायचा असेल तर नळीत अलाइनमेंट रॉड घालून थ्रेड आणि नळी एका अक्षावर आहेत का ते पाहिल्याशिवाय पहिली गोळी झाडू नका. रंगावर ओरखडे, पार्करायझिंगचा (फॉस्फेट लेपाचा) पोत कमीजास्त, याला मी गुण देत नाही.

रेंजवर पहिल्या दिवशी २०० फैरी साध्या ११५ किंवा १२४ ग्रेन एफएमजेच्या (पूर्ण धातूचं आवरण असलेल्या गोळ्या), त्यानंतर घरी ठेवणार असाल त्याच हॉलो पॉइंटच्या निदान ५०. नंतर फट पुन्हा मोजून लिहून ठेवा. पुंगळ्यांवर लांब काळ्या रेघा उठतील. तो दोष नाही, चेंबरला खाचाच असतात; त्यातून वायू शिरून पुंगळी भिंतीला चिकटत नाही. त्याच खाचांमुळे उघड्या शिशाच्या गोळ्या इथे नकोत, खाचा बुजल्या की पुंगळी अडकायला लागते. पुंगळीच्या अंगावर एक पोचा पडतो, तोही बाहेर फेकताना लागलेला असतो. पण पुंगळीचा बुडखा फुगलेला किंवा चिरलेला दिसला तर तिथेच थांबा.

पुंगळी बाहेर न येणं या तक्रारीत बहुतेकदा एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणारा आकडा) स्प्रिंग दोषी असते. ती, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिनची स्प्रिंग आणि रोलरचा एक संच जवळ असू द्या. आणि घेण्याआधी विक्रेत्याला थेट विचारा की एचकेचे जर्मन सुटे भाग यात घासाघीस न करता बसतात का. लेखी उत्तर देणारा विक्रेता मी पसंत करेन.

मॅगझिनमध्ये ३० च्या ऐवजी २८ भरा. पूर्ण भरलेली मॅगझिन बंद बोल्टखाली नीट चढत नाही, अर्धवट लागते आणि पहिल्याच फैरीला खाली येते. किंवा बोल्ट मागे अडकवून मॅगझिन लावा आणि हँडलला टपली मारा. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबत नाही, हेही आधीच माहीत असू द्या, नाहीतर पहिल्या दिवशी तुम्ही बंदूक बिघडली म्हणून परत न्याल.

न्यू जर्सीतल्या कोणी हे वाचून हुरळून जाऊ नये: तिथल्या बंदी घातलेल्या यादीत एचके९४ (एमपी५ ची जुनी सेमी-ऑटो कार्बाइन) आणि एमपी५ ही नावं छापलेलीच आहेत, बहुतांशी तशीच असलेली शस्त्रंही त्यात येतात, आणि मॅगझिनची मर्यादा १० आहे. तुम्ही टेक्सासमधून कधी न्यू जर्सीतल्या एडिसनला बदलून गेलात, तर ही बंदूक सामानाच्या ट्रकमध्ये चढता कामा नये.