सर त्रास देतात, तर सुरुवात वहीपासून कर

आधी एक साधी वही घे. त्यात तारीख, कितवा तास, सर नेमकं काय बोलले (त्यांच्याच शब्दांत) आणि शेजारी कोण बसलं होतं, हे त्याच संध्याकाळी लिही. 'सर नेहमी छळतात' या वाक्याने तक्रार तिथेच लटकते. तीन तारखा दिल्या की मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं. अंगावर वळ असतील तर फोटो काढ, डॉक्टरांचा कागद घे.

घरी सांग, आजच. मग पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्यायची. नवखे चुकतात ते इथेच: तोंडी बोलून घरी येतात.

दाद नाही मिळाली तर खासगी माध्यमिक शाळेसाठी मुंबईत विभागाचे शिक्षण निरीक्षक, इतरत्र जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक); पालिका शाळेसाठी पालिकेचा शिक्षण विभाग. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. हा कायदा ६ ते १४ वयासाठी आहे, पण चौदाच्या वरच्या मुलांनीही तक्रार करायचीच.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांबद्दल काही टाकू नकोस, प्रकरण उलटतं. आणि नकोसा स्पर्श असेल तर ही पायरी-बियरी सोड, थेट मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ लाव.