सेन्सरवर ठपका ठेवण्याआधी मे महिना आठवा

प्रश्न : काका, आमच्या मॉड्युलर किचनमध्ये बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन आहे, चार वर्षं झाली. मी घरून नानकटाईच्या ऑर्डरी घेते. दोन महिन्यांपासून 180 वर ठेवलं तरी नानकटाई पांढरीच राहते. वेळ वाढवली की तळ कडक आणि मध्ये कच्ची. मधूनच ओव्हन पीं-पीं करतो, एरर दाखवतो आणि बंद पडतो. गार झाला की पुन्हा चालू. मेकॅनिकनी मीटर लावून 'सेन्सर गेलाय, बहुतेक बोर्डही गेलंय' असं सांगितलं. दोन्हींचा खर्च ऐकून मी गप्पच बसले. खरंच दोन्ही गेलं असेल का?
(एक भगिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, दोन्ही एकदम जायला वीजच पडायला हवी. मीटर लावला म्हणता, पण त्यावर आकडा किती आला ते तुम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सगळी मेख त्या आकड्यात आहे.

ओव्हनच्या आत मागच्या भिंतीला, वरच्या बाजूला बोटभर लांबीची स्टीलची कांडी दिसेल. तोच सेन्सर. आत प्लॅटिनम असतं. शून्य अंशाला त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 1000 ओहम असतो (ओहम हे रोधाचं माप, मेकॅनिकचा मीटर तेच दाखवतो) आणि तापेल तसा दर अंशाला चार ओहमला थोडा कमी असा वाढत जातो. 100 अंशाला 1385, 180 ला 1685. बोर्ड फक्त हे ओहम वाचतं आणि त्यावरून कॉइल चालू-बंद करतं. (काही कंपन्या याच्या निम्म्याचा, म्हणजे 500 ओहमचा सेन्सर लावतात. मग वरचे सगळे आकडे निम्मे धरायचे.)

आता माझी फजिती सांगतो. आधी मी सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करायचो, ओव्हनकडे उशिरा वळलो. हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला होता, त्यावर लिहिलेलं : 'चांगला सेन्सर 1080'. मे महिन्यात होटगी रोडला एका घरी गेलो. तक्रार तुमच्यासारखीच, केक कच्चा राहतो. सेन्सर काढून मीटर लावला तर 1163. ऐंशी ओहमचा फरक! छातीठोकपणे सांगितलं, सेन्सर गेला. पुण्याहून नवा मागवला, आठ दिवस गेले. नवा सेन्सर पिशवीतून काढला आणि सवयीने मीटर लावला तर तोही 1163. हाही खराब निघाला की काय, म्हणून मी त्या दुकानदारावर चिडायच्या बेतात. घरातल्या आजी पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आमचा इथं जीव चाललाय, त्या कांडीला उकडत नसेल का?"

स्वयंपाकघरात 42 अंश होते. 42 अंशाला प्लॅटिनमच्या सेन्सरचा रोध 1163 च यायला हवा. माझ्या कागदावरचा 1080 हा एकवीस अंशाच्या गार खोलीतला आकडा. तशी हवा आपल्याकडे जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत पहाटे मिळाली तर मिळाली. खरा दोष दाराच्या रबरात होता, एका कोपऱ्यात फाटून गरम हवा बाहेर पडत होती. सेन्सरचे पैसे मी घेतले नाहीत. तो माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, दुसरे सेन्सर ताडून बघायला कामी येतो.

म्हणून पुन्हा मेकॅनिक आले की आकडा लिहून घ्या आणि शेजारी खोलीचं तापमानही लिहा. 25 अंशाला 1097, 30 ला 1117, 40 ला 1155. पाच-दहा ओहम इकडेतिकडे चालतं. शंका राहिली तर कांडीचं फक्त टोक बर्फाच्या पाण्यात धरा, 1000 च्या जवळ यायला हवं. मग उकळत्या पाण्यात. तिथे 1385 ची वाट बघू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर असल्याने पाणी साडेअठ्ठ्याण्णवलाच उकळतं. 1380 आलं की पास. वायरीकडचा भाग मात्र कोरडा ठेवा.

तुमच्या ओव्हनमध्ये माझा संशय कनेक्टरवर आहे. ओव्हन कच्चं भाजतो आणि तापल्यावरच एरर देतो, या दोन तक्रारी एकाच पिनेच्या असू शकतात. सेन्सरची वायर मागे एका प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये जाते. वाफेने, तेलकटपणाने तिथली पिन काळी पडते, कधी हिरवट. तिचा रोध सेन्सरच्या रोधात मिळतो. समजा साठ ओहम वाढले, तर बोर्डाला वाटतं ओव्हन सोळा अंश जास्त तापलाय. पडद्यावर 180, आत 164. नानकटाई पांढरी राहील नाही तर काय! आणि पूर्ण तापल्यावर धातू फुगून ढिली पिन सुटली की बोर्डाला सेन्सरच सापडत नाही, ते बोंब मारतं. गार झालं की पिन परत टेकते.

तपासणी अशी. आधी ओव्हनचा एमसीबी (घरच्या वीज-बोर्डावरचा मुख्य खटका) खाली. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओव्हन पूर्ण गार हवा. मीटर 2000 ओहमवर ठेवून सेन्सरच्या वायरी बोर्डाजवळ जिथे येतात तिथे मोजा आणि मोजता मोजता मागचा कनेक्टर हलक्या हाताने हलवा. मागे एकदा माझ्या मीटरवर असं दिसलं : 1150, 1152, 1231, आणि मग डाव्या कडेला नुसता एकटा 1. साध्या मीटरवर एकटा 1 म्हणजे जोडणी तुटलेली. कनेक्टर बाजूला करून थेट सेन्सरवर मोजलं तर 1150 वर ठाम. सेन्सर निर्दोष, बोर्ड निर्दोष, चोर मधल्यामध्ये. शेवटी एक एक वायर आणि ओव्हनचा पत्रा यांमध्येही मोजा. तिथे जोडणी दिसायला नको, मीटरवर तोच एकटा 1 राहायला हवा.

पिन घासून साफ होते, पण जळलेली असेल तर चिनी मातीचा कनेक्टर आणि उष्णता सोसणारी वायर घालून घ्या. साधी वायर पिळून काळी टेप गुंडाळणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि सेन्सरचे दोन स्क्रू काढून तो आतून ओढण्याआधी वायरीला मजबूत धागा बांधा. वायर सुटून मागे पडली की अख्खा ओव्हन कपाटातून बाहेर काढावा लागतो. मी चादरीच्या मागावरचं सूत वापरतो, घरात ढीगभर आहे.

प्रश्न : ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. ओव्हन 180 म्हणतो, थर्मामीटर कधी 165, कधी 195. कोण खोटं बोलतंय?
(एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : बहुधा कोणीच नाही. ओव्हन 180 वर गॅसच्या ज्योतीसारखा स्थिर राहत नाही. कॉइल तापते, वर जातो, बंद होते, खाली येतो. दहा-पंधरा अंशांचा झोका नेहमीचाच. थर्मामीटर मधल्या जाळीवर मधोमध ठेवा, ओव्हन तापल्यावर अर्ध्या तासात दर पाच मिनिटांनी काचेतूनच बघा, दार उघडू नका. सरासरी 180 च्या आसपास आली की झालं. तुमच्या दोन आकड्यांची सरासरी तर मला तोंडी करता आली.

थर्मामीटरवरच भरवसा नसेल तर साखर वापरा. साखर साधारण 186 अंशाला वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर घेऊन 175 वर पंधरा मिनिटं ठेवा, ती कोरडीच राहायला हवी. नवी साखर घेऊन 190 वर पुन्हा. आता ती वितळायला हवी. 175 लाच पाक झाला तर ओव्हन जास्त तापतोय, 190 लाही कोरडी राहिली तर कमी. कायम एकाच बाजूला, एकसारखाच फरक पडत असेल तर काही काढू-घालू नका. बऱ्याच डिजिटल ओव्हनमध्ये तेवढे अंश मागेपुढे करायची सोय असते, पुस्तिकेत बघा.

प्रश्न : आमच्या ओटीजीला (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) डिजिटल काही नाही, गोल नॉब आहे. 150 वर ठेवला तरी केक वरून जळतो. दिवा बंदच होत नाही. यातही सेन्सर असतो का?
(एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : असतो, पण त्यात ओहम-बिहम काही नाही. काही ओटीजीत आत तांब्याची बारीक नळी आणि तिच्या टोकाला पेन्सिलीसारखा बंद बल्ब (दिवा नव्हे) असतो. आतलं तेल तापून फुगतं, नॉबमागच्या पातळ धातूच्या पडद्याला ढकलतं, 'टिक्' होतं आणि कॉइल बंद. नळी चिरून तेल गळालं तर ढकलणारंच कोणी उरत नाही, कॉइल चालूच राहते. स्वस्त ओटीजीत नळीही नसते, नॉबच्या मागे दोन धातूंची पट्टी असते. तिचे काँटॅक्ट जळून चिकटले की तीच गत.

आधी एक बघा. चीज सांडू नये म्हणून आत फॉइल लावलीय का? एका घरी बाईंनी अख्खी बाजू फॉइलने मढवली होती, बल्बसकट! फॉइल काढली, ओव्हन सुधारला. तसं काही नसेल तर प्लग काढून, गार असताना नॉब सावकाश फिरवा. 'टिक्' आलाच नाही तर तो 'टिक्' करणारा भाग, म्हणजे थर्मोस्टॅट, बदलून घ्या. तोवर वापरू नका, 'समोर उभी राहून बघते' म्हणूनही नको. दिवा न विझणारा ओटीजी मागची भिंत काळी करतो, ते मी पाहिलंय.

प्रश्न : कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हचा सेन्सरही घरी असाच मोजता येईल का?
(एक विद्यार्थी, पूर्वभाग)

उत्तर : नाही. त्यात बहुधा उलट्या चालीचा सेन्सर असतो, तापला की रोध कमी होतो, म्हणून वरचे आकडे लागू नाहीत. पण नाही म्हणायचं खरं कारण वेगळं. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा करंट साठून राहू शकतो. अंगावरचे स्क्रू काढू नकोस. यंत्र उचलून जाणकाराकडे ने, आणि त्याने मीटर लावला की आकडा विचार.