एलडीएच वाढलं, म्हणजे कॅन्सर उलटला का?

वडिलांचं वय ६१. चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचं पूर्ण जठर काढलेलं. नेहमीच्या तपासणीत एलडीएच, म्हणजे पेशींतलं एक विकर (एन्झाइम), ६९० आलं. लॅबची वरची मर्यादा २५०. रात्रभर मोबाइलवर शोधून मुलाच्या हाती एकच वाक्य लागलं होतं: पोटाच्या कॅन्सरमध्ये एलडीएच जास्त असेल तर आयुष्य कमी. "बाबांना अजून सांगितलं नाही. परत आलाय ना?"

ते वाक्य खोटं नाही. पसरलेल्या आजारात उपचारांआधीच हे विकर वाढलेलं असेल, तर अशा रुग्णांची पुढची वाटचाल सरासरीने जास्त खडतर असते. पण सरासरीवरून एका माणसाचा कॅन्सर उलटला, असं म्हणता येत नाही. ते सीटी, एंडोस्कोपी, गरज पडल्यास बायॉप्सी सांगते. एलडीएच तांबड्या पेशींत, यकृतात, स्नायूंतही असतं; पेशी फुटली की ते रक्तात उतरतं.

म्हणून आधी पाहायचं ते नमुन्याकडे. रक्त काढताना नळी जोरात हलली किंवा सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) वेगळं करायला उशीर झाला, तर तांबड्या पेशी नळीतच फुटतात आणि आकडा उगाच चढतो. तेव्हा बहुधा पोटॅशियमही चढलेलं दिसतं. इथे ते नॉर्मल होतं. मात्र त्याच कागदावर हिमोग्लोबिन ८.४ आणि एमसीव्ही ११६ होता, म्हणजे पेशी कमी आणि नेहमीपेक्षा मोठ्या.

"दादा, बाबांना चालताना काही त्रास?" मुलाला विचारलं.

"चप्पल पायातून निसटते, त्यांना कळतच नाही."

"बी-१२चं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं?"

गावी राहायला गेल्यापासून, म्हणजे अडीच वर्षं, बंद होतं. बदल्यात मल्टिव्हिटॅमिनची गोळी चालू होती. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. जठर नसेल तर साध्या गोळीतलं फारच थोडं अंगी लागतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे चूक उशिरा उघडी पडते. बी-१२ संपलं की अर्धवट घडलेल्या तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच फुटतात आणि एलडीएच वाढतं. नसांचंही नुकसान होतं, म्हणून तो चपलेचा प्रश्न.

तरी हा अंदाजच होता. त्याच दिवशी मुलाला कॅन्सरतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि बाबांना सोबत न्यायला सांगितलं. त्यांच्या देहाचा रिपोर्ट त्यांच्यापासून लपवू नये. बी-१२ अगदी तळाला गेलेलं निघालं, सीटी स्वच्छ. १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं आधी दिवसाआड, मग महिन्याला एक, आयुष्यभर. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका, हे बजावून सांगावं लागतं: रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

तीन आठवड्यांनी एलडीएच ३१० वर आलं. पायांची बधिरता मात्र सावकाश उतरते, काहींची पूर्ण जातही नाही. तोवर मागे पट्टा असलेली चप्पल, आणि रात्री उठताना दिवा लावूनच.