जुन्या .३०३ रायफलची नळी ओतीव गोळ्यांनी शिशाने भरते. मिश्रधातू आणखी कडक करू का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. रायफल युद्धकाळातली ली-एनफील्ड नंबर ४ आहे. गोळ्या तुम्ही स्वतः ओतता, .३११ इंचाला साइझ करता, म्हणजे साच्यातून दाबून त्या मापाला आणता, मागे तांब्याचा गॅस चेक, म्हणजे बुडावरची छोटी टोपी, लावता. धातू लिनोटाइपच्या, म्हणजे जुन्या छपाईच्या खिळ्यांच्या मिश्रधातूच्या आसपास, चांगलाच कडक. तरीही दहा-बारा बारांत नळी शिशाने माखते आणि कागदावर काही भोकं गोल न पडता लांबट, आडवी पडतात. सगळे सांगताहेत की धातू आणखी कडक करा.

कडक करू नका. तुमची गोळी नळीला लहान पडतेय. हे मी इतक्या खात्रीने सांगतोय कारण एक अख्खा हिवाळा मी हेच केलं. दर आठवड्याला अँटिमनी वाढवत गेलो, ओतलेल्या गोळ्या गरम असतानाच पाण्यात सोडल्या, तीन प्रकारचं वंगण बदललं. प्रत्येक वेळी ब्रशबरोबर चांदीच्या वर्खासारखे शिशाचे पापुद्रे बाहेर यायचे. नळी मोजायची मात्र राहून गेली होती.

आत काय होतं ते बघा. नळीत खाचा असतात आणि खाचांमध्ये उंचवटे. .३०३ हा आकडा उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंतचा आहे. खाचांच्या तळाचं माप त्याहून बरंच मोठं असतं. गोळी त्या तळापर्यंत पोचली नाही तर मागचा तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो. तो जाताना गोळीची बाजू खरवडतो, वितळवतो, आणि ते शिसं पुढे नळीवर फासलं जातं. त्यावरून पुढची गोळी घासत गेली की ते आणखी घट्ट बसतं. शिवाय अशी गोळी खाचांत नीट धरली जात नाही, तिला पुरती फिरकी मिळत नाही, ती हवेत कोलांट्या खाते. तुमच्या आडव्या भोकांचं कारण तेच.

कडक धातूने हे आणखी बिघडतं. कडकपणाच्या ब्रिनेल मापावर शुद्ध शिसं ५ च्या आसपास असतं, ९० भाग शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी असं मिश्रण १५ च्या, आणि लिनोटाइप २२ च्या. मऊ गोळी थोडी लहान असली तरी मागच्या दाबाने तिचा बुड फुगतो आणि खाच भरतो. २२ ची गोळी ओतीव लोडच्या, म्हणजे ओतीव गोळीसाठी भरलेल्या दारूच्या, माफक दाबाला दाद देत नाही. ती जशी लहान आत गेली तशीच लहान बाहेर पडते.

हे ज्ञान काही नवं नाही. १८४९ ची मिनिए गोळी याच तत्त्वावर होती. बुडाशी पोकळ, बार होताच बुड पसरून खाचांत बसायचा. १८५३ ची एनफील्डही तशीच. मार्टिनी-हेन्रीची ४८० ग्रेनची गोळी १२ भाग शिसं आणि १ भाग कथील अशी होती, वर कागद गुंडाळलेला. त्या लोकांनी धातू मुद्दाम मऊ ठेवला होता. पुढे धूररहित दारू आली, वेग इतका वाढला की उघडं शिसं खाचांत टिकेना, आणि गोळीवर धातूचं आवरण आलं. .३०३ साठी सैन्याने १९१० मध्ये स्वीकारलेली मार्क ७ गोळी १७४ ग्रेनची, आवरणाची, पण सपाट बुडाची आहे. पूर्ण दाबाखाली तिचाही बुड थोडा फुगतो. म्हणून लष्करी काडतुसाला सैल नळी चालून जायची आणि कारखान्यांनी मापात ढिलाई ठेवली तरी सैन्याचं काम अडत नव्हतं. ती ढिलाई आज ओतीव गोळीवाल्याच्या वाट्याला आली आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या .३०३ नळ्यांत खाचांचं माप .३१२ पासून .३१६ पर्यंत सापडलंय.

तर नळी मोजायची कशी. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा आणि बोल्ट काढून ठेवा. नळी स्वच्छ करून आत तेलाचा हात फिरवा. शुद्ध मऊ शिशाचा, नळीच्या तोंडाहून किंचित जाड तुकडा घ्या. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिशाचं वजन उत्तम. तो तोंडावर ठेवून लाकडी हातोडीने हलकेच ठोका. कडेने शिशाची एक पातळ कडी कापली जाऊन बाजूला पडेल. मग पितळी सळईने तुकडा हळूहळू मागे ढकला. इथे घाई करू नका, कारण सळईवरचा हात बरंच काही सांगतो. कुठे अडतो, कुठे एकदम सैल सुटतो, ते लक्षात ठेवा. चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या टोकाजवळ, सैल लागलं तर नळीचा तो भाग झिजलेला आहे, आणि गोळी त्या भागाच्या हिशोबाने हवी. असं असेल तर दुसरा तुकडा चेंबरच्या बाजूने थोडासाच आत ठोका आणि तोंडाकडून सळई घालून परत बाहेर काढा.

आता खरी गोची. मोझिन-नागांत किंवा जर्मन माउजरला चार खाचा असतात, म्हणजे खाचेसमोर खाच येते आणि साधा मायक्रोमीटर बरोबर माप देतो. काही नंबर ४ रायफलींच्या नळीला दोनच खाचा आहेत, तिथेही सोपं. पण बहुतेक एनफील्डला पाच आहेत. खाचेसमोर उंचवटा. साधा मायक्रोमीटर लावला की एका बाजूला तो फुगवट्यावर टेकतो आणि दुसऱ्या बाजूला दोन फुगवट्यांच्या मधल्या दरीवर आडवा बसतो. माप हमखास कमी येतं. तुमचं .३११ असंच आलं असेल असा माझा दाट संशय आहे. उपाय दोन. व्ही आकाराच्या जबड्याचा मायक्रोमीटर मिळाला तर सोनं. नाहीतर पातळ धातूची शिम पट्टी शिशाच्या तुकड्याभोवती एक वेढा घट्ट गुंडाळा, पट्टी दरीवर पूल बांधते, मग मोजा आणि पट्टीची जाडी दोनदा वजा करा. चार-पाच ठिकाणी फिरवून मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा.

गोळी त्या आकड्याहून एक ते दोन थाऊ मोठी हवी, म्हणजे इंचाचे एक-दोन हजारांश. खाच .३१३ असेल तर गोळी .३१४ किंवा .३१५. मात्र काडतूस भरल्यावर केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, मानेला चेंबरमध्ये जागा उरली पाहिजे. त्याच रायफलमधून उडवलेल्या केसची मान बाहेरून मोजा. भरलेल्या काडतुसाची मान त्याहून निदान दोन थाऊ बारीक हवी. मानेला गोळी सोडायला जागा नसेल तर दाब भलताच चढतो. युद्धकाळातली चेंबरं ऐसपैस असल्यामुळे .३०३ मध्ये सहसा अडचण येत नाही, पण मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमचा साचा .३१२ चीच गोळी टाकत असेल तर लगेच नवा घ्यायला नको. साच्याच्या दोन अर्ध्यांपैकी एकाच्या तोंडावर, पोकळीपासून दूर, उष्णता सोसणाऱ्या ॲल्युमिनियम टेपचे बारीक तुकडे चिकटवा. साचा केसभर उघडा राहतो आणि गोळी एक-दोन थाऊ मोठी पडते. किंचित लंबगोल असते, साइझरमधून गेली की गोल होते. गोळीवर पावडर कोटिंग भाजून चढवलं तरी एक-दोन थाऊ मिळतात, शिवाय शिशाचा नळीशी संबंधच कमी होतो. आणि अँटिमनी पूर्ण काढू नका. ते असलं की गोळी थिजताना कमी आकसते. ब्रिनेल १२ ते १५ चा धातू या कामाला भरपूर झाला.

हे सगळं करूनही शिसं येत राहिलं तर केसची मान तपासा. हा माझा लाडका मुद्दा आहे, कारण इथे फार जण अडकतात. बाजारातले डाय, म्हणजे केसला आकार देणारे साचे, आवरणाच्या गोळीसाठी बनवलेले असतात, त्यांचा एक्स्पांडर, म्हणजे मान आतून रुंद करणारा भाग, ती मान .३०९ च्या आसपास ठेवतो. त्यात .३१४ ची शिशाची गोळी दाबली की पितळ जिंकतं. ना दारू ना प्रायमर, असं एक नुसतं नमुन्याचं काडतूस बनवा. गोळी परत ओढून काढा आणि तिचा बुड मोजा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आत घातलेली .३१४ ची गोळी .३११ होऊन बाहेर आली. मोजमाप, साइझिंग, सगळी मेहनत त्या मानेने खाऊन टाकली होती. दोन पायऱ्यांचा, मानेचं तोंड किंचित उमलवणारा, ओतीव गोळीसाठीचा एक्स्पांडर घ्या.

शिसं नळीत कुठे साचतं तेही बघा. चेंबरजवळ साचत असेल तर बहुधा माप चुकलंय. तोंडाजवळच्या शेवटच्या काही इंचांत साचत असेल तर वंगण अर्ध्या वाटेत संपतंय. आणि सुरुवातीला एकदा नळीतलं जुनं तांबं पूर्ण काढा. आवरणाच्या गोळ्यांनी सोडलेल्या तांब्यावर शिसं गोचिडीसारखं चिकटतं. माझ्या नळीतून तीन दिवस तांब्याने निळ्या झालेल्या चिंध्या निघत होत्या.

लोडबद्दल मी आकडा देणार नाही. तो ओतीव गोळीसाठी छापलेल्या, तपासलेल्या लोड पुस्तकातूनच घ्या, आणि तुमच्या देशात घरी काडतूस भरायला परवाना लागतो का ते आधी बघा. रायफल जाणत्या बंदूक कारागिराकडून तपासून घ्या. एक धोका मात्र सांगतोच. ओतीव गोळीचे हलके लोड मोठ्या केसमध्ये तळाशी जेमतेम दिसतात. चुकून दुप्पट दारू पडली तरी केस ओसंडत नाही. म्हणून गोळ्या बसवण्याआधी सगळ्या केस एका ठोकळ्यात उभ्या करा आणि टॉर्च मारून प्रत्येकीत डोकवा. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटते. बार दबका वाटला की थांबायचं, बोल्ट काढून आरपार उजेड बघायचा.

ओतताना पाण्याचा थेंबसुद्धा भांड्याजवळ नको. शिसं ३२७ अंशांना वितळतं. थेंब धातूच्या खाली गेला की क्षणात वाफ होऊन सगळा रस वर उडवतो. ओलसर भंगार आणि पाण्यात सोडलेल्या जुन्या गोळ्या याच कारणाने तापलेल्या रसात टाकत नाहीत, थंड भांड्यात घालून सुरुवात करतात. भंगारात जस्त मिसळू देऊ नका. ते ४१९ अंशांना वितळतं, म्हणून रस त्याच्या खाली ठेवला की जस्ताचे तुकडे तरंगतात आणि चिमट्याने उचलता येतात. जागा हवेशीर हवी, चष्मा आणि हातमोजे हवेत. वर येणाऱ्या करड्या मळीची धूळ घरात जाता कामा नये. लहान मुलं असतील तर ओतायचे कपडे आणि बूट बाहेरच ठेवा, हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका, आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या.

तर आज रात्री बोल्ट काढा, मऊ शिशाचा तुकडा शोधा, शिम पट्टी गुंडाळून मोजा आणि आकडा इथे लिहा. साच्याची, साइझरची निवड त्यावरून सांगतो. तो तुकडा फेकू नका. छोट्या डबीत ठेवून वर रायफलचा क्रमांक आणि माप लिहा. माझ्याकडे अशा सात डब्या आहेत आणि नवा साचा घ्यायची वेळ आली की आधी त्याच उघडतो.