अंगठ्यातल्या मुंग्या मानेची गोष्ट सांगतात

प्रश्न : माझं वय ४७. तीन आठवड्यांपासून मानेची उजवी बाजू दुखते, कळ दंडातून खाली उतरते आणि अंगठ्यात, शेजारच्या बोटात मुंग्या येतात. डॉक्टरांनी मान वाकवून पाहिली, कोपराच्या आतल्या बाजूला हातोडी मारली, एका रेषेत चालायला लावलं आणि औषध-व्यायाम दिले. एमआरआय सांगितला नाही. मशीनशिवाय कारण कसं कळलं? मी स्वतःच एमआरआय करून घेऊ का?

उत्तर : तुम्ही ‘अंगठा’ म्हणालात तिथेच निम्मं निदान झालं. मानेत मणके सात, पण त्यांच्यामधून निघणाऱ्या नसांच्या जोड्या आठ. प्रत्येक नसेचा हातावरचा मुलूख साधारण ठरलेला असतो. सहावी अंगठ्याकडे जाते, सातवी मधल्या बोटाकडे, आठवी करंगळीकडे. कोपराशी हातोडी मारली ती याच सहाव्या नसेची तपासणी. ती दबली असेल तर हात नेहमीसारखा उडत नाही. मान मागे आणि दुखऱ्या बाजूला कलवून डोक्यावर दाब दिल्यावर कळ हातात उतरली, तर संशय पक्का होतो. (हे घरी करून पाहू नका.) अंगठ्यातल्या मुंग्या मनगटात नस दबल्यानेही येतात. पण त्या बहुतेकदा रात्री झोपेतून उठवतात, हात झटकला की कमी होतात, आणि मान हलवल्याने त्यांत फरक पडत नाही.

चालायला का लावलं? मला विचाराल तर ती सगळ्यात महत्त्वाची तपासणी. नस दबली तर एक हात दुखतो. मज्जारज्जू दबला तर चाल अडखळते, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, अक्षर बिघडतं. आणि हे होताना मान फारशी दुखतही नाही, म्हणून मी प्रत्येकाला बटणांबद्दल विचारतेच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईंच्या एक्स-रेत मला मणके झिजलेले दिसले आणि मी महिनाभर त्यांच्या मानेवर उपचार केले. हात वर करायला सांगितलंच नव्हतं. सांगितलं तेव्हा तो खांद्याच्या वर जाईना. दुखणं आखडलेल्या खांद्याचं होतं. त्या बाईंचा फुकट गेलेला महिना मला अजून सलतो. चाळिशीनंतर झीज दुखणं नसलेल्यांच्या मानेतही दिसते, त्यामुळे फोटोत दिसलं तेच दुखण्याचं कारण, असं धरता येत नाही.

म्हणून आज स्वतःहून एमआरआय करू नका. सहा आठवड्यांत उतार पडला नाही तर तो करणं योग्य. मात्र हाताची ताकद कमी होऊ लागली, चाल बिघडली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप आला, वजन घटू लागलं, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा मानेला मार लागला असेल, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. मान दुखताना छातीत दडपण आलं, घाम फुटला, तर ते हृदयाचं असू शकतं. सरळ रुग्णालय गाठा.

पुढच्या भेटीपर्यंत एक पाहून ठेवा : उजवा तळहात डोक्यावर ठेवल्यावर हातातली कळ हलकी होते का? होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दबलेल्या नसेवरचा ताण तसं केल्याने कमी होतो.