टायमिंग बेल्ट तुटला तर? आधी चावीवरचा हात काढा

प्रश्न : काका नमस्कार. गेल्या आठवड्यात गाडी चौथ्या गिअरला आरामात चालली होती, साठच्या आसपास स्पीड असेल, आणि एकदम 'टप्' आवाज होऊन इंजिन बंद. ना धूर, ना धक्का. स्टेअरिंग जड झालं, कशीबशी कडेला घेतली. मग चार-पाच वेळा सेल्फ मारून बघितला, इंजिन नेहमीपेक्षा फास्ट फिरतंय असं वाटलं पण सुरू काही होईना. गॅरेजवाल्याने वरचं कव्हर काढून दाखवलं, टायमिंग बेल्ट तुटलाय. तो म्हणतो हेड उघडावंच लागेल, मित्र म्हणतो कशाला, नुसता बेल्ट टाक. पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर, ९० हजार किमी, सेकंडहँड घेतलेली, बेल्ट आधी कधी बदललाय का माहीत नाही. कुणाचं ऐकू? आणि घरी बसवता येईल का? पाने-बिने आहेत माझ्याकडे.

उत्तर : ते चार-पाच वेळा सेल्फ मारणं सोडलं तर बाकी तुम्ही सगळं बरोबर केलंत 😀 अहो पण मीही तेच केलं असतं, गाडी बंद पडली की हात आपोआप चावीकडे जातो. फास्ट फिरतंय असं वाटलं ना, ती टायमिंग बेल्ट गेल्याची अगदी ठरलेली खूण. व्हॉल्व, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघड-बंद होत नाहीत म्हणून बहुतेक सिलिंडरमध्ये हवा नीट दाबलीच जात नाही, कॉम्प्रेशन नाही, मग स्टार्टरला जोर कसला लागणार, गर्रर्र करून मोकळं फिरतं.

आता हेड, म्हणजे व्हॉल्व बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उघडायचं की नाही. पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो खालचा क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा व्हॉल्व उघडणारा वरचा कॅम एक फेरा मारतो, आणि हा हिशोब सांभाळतो तो बेल्ट. इंजिन ३००० आरपीएमला असेल तर एकेक व्हॉल्व सेकंदाला २५ वेळा खाली येऊन परत वर जातो आणि पिस्टन त्याच जागेत वर येत असतो, फक्त वेळ वेगळी. बेल्ट तुटला की व्हॉल्वच्या स्प्रिंगांमुळे कॅम जवळजवळ जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व उघडेच राहतात, आणि क्रँक मात्र थांबत नाही कारण गाडी गिअरमध्ये असते, चाकंच त्याला फिरवत असतात. ज्या इंजिनात उघडा व्हॉल्व आणि वर आलेला पिस्टन यांच्यात जागा ठेवलेली असते तिथे काहीच होत नाही, नवा बेल्ट टाका आणि चला. ज्यात नसते तिथे व्हॉल्व वाकतात, म्हणूनच नंतर सेल्फ मारायचा नाही, त्यानेही क्रँक फिरतो. इंग्रजीत पहिल्याला नॉन-इंटरफिअरन्स आणि दुसऱ्याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. हल्लीची बरीचशी इंजिनं दुसऱ्या प्रकारची, डिझेल तर जवळपास सगळीच. म्हणजे मित्र आणि गॅरेजवाला दोघंही आपापल्या अनुभवाने बरोबर असतील, प्रश्न तुमचं इंजिन कुठल्या जातीचं आहे हा आहे. इंजिनचा कोड बघून सर्व्हिस मॅन्युअलमध्ये शोधा.

इंटरफिअरन्स निघालं तरी लगेच हेड उघडू देऊ नका. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून छोटा कॅमेरा आत सोडायला सांगा. व्हॉल्व आपटला असेल तर पिस्टनच्या डोक्यावर काळ्या कार्बनमध्ये नखाएवढी चकचकीत चंद्रकोर उमटलेली दिसते. ती दिसली की समजायचं धडक झाली. पण नाही दिसली म्हणून सुटलो असंही नाही, हलका धक्का लागूनही व्हॉल्व केसभर वाकतो आणि मग नीट बसत नाही. खरी परीक्षा म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून गळते ते बघायचं, इनटेककडून फुस्स आवाज आला की इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरकडून आला की एक्झॉस्ट. फक्त त्यासाठी कॅम जागेवर हवा, नाहीतर चांगला व्हॉल्वही उघडाच असेल आणि हवा गळणारच. म्हणून हे नवा बेल्ट चढवल्यावर करायचं. ४ पैकी २ सिलिंडर गेले असं कळलं तर मग हेड उघडायला पर्याय नाही, आणि मग ते काम घरी नको.

घरी बसवण्याबद्दल. येतं, पण इंजिन तुटलेल्या बेल्टचं असल्यामुळे एक गोष्ट वेगळी आहे आणि ती व्हिडिओत सहसा कुणी सांगत नाही. चालू बेल्ट बदलताना सगळं आधी मार्कवर, म्हणजे पुलीवरच्या खुणेवर, आणता येतं. तुमच्याकडे वर आणि खाली काही संबंधच उरलेला नाही. अशा वेळी कॅमला पाना लावून तसाच मार्कवर फिरवलात तर जो व्हॉल्व आत्तापर्यंत वाचलाय तोही वर उभ्या असलेल्या पिस्टनवर आपटेल. म्हणून आधी चारही प्लग काढा, क्रँक हाताने, हळूहळू, चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर येतील असा ठेवा, म्हणजे टॉपपासून (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पाव फेरा अलीकडे. प्लगच्या भोकात बारीक काडी ठेवली की पिस्टन वर चाललाय की खाली ते कळतं. मग कॅम मार्कवर आणा, आणि शेवटी क्रँक टॉपला न्या. कुठेही अडलं तर थांबायचं. जोर लावायचा नाही, अडतंय म्हणजे आत लोखंडाला लोखंड टेकलंय.

आणि क्रँक पुलीचा बोल्ट. तो जाम असतो, फार जाम. काही लोक लांब दांड्याचा पाना अडकवून सेल्फचा एक झटका मारून तो सोडवतात, ती युक्ती तुमच्या गाडीवर अजिबात नको, कारण तेच, बेल्ट नाहीये. पुली धरायचं हत्यार मिळतं ते आणा. बऱ्याच गाड्यांत हा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल तर नवा घ्या आणि टॉर्क रेंचनेच कसा. बॅटरीची वायर आधी काढायची, गाडी नुसत्या जॅकवर सोडायची नाही, आणि इंजिन माउंट काढावा लागत असेल तर खालून इंजिनला आधार द्यायचा, हे तुम्हाला माहीत असेलच.

पण नवा बेल्ट लावायच्या आधी जुना टेबलावर ठेवून नीट बघा, हे माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं. बेल्ट उगाच तुटत नाही. रबरात काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात, ताकद त्यांची असते. पाठीवर बारीक भेगा असतील तर वय झालंय. फुगलेला, मऊ, बोटाला तेलकट लागतोय तर कॅमचं किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय, ते न बदलता नवा बेल्ट टाकलात तर तोही तसाच सडेल. एकच कड झिजून दोरे निघालेत तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) तिरका चालतोय. आणि एका पट्ट्यातले दातच सोलून निघालेत तर काहीतरी जाम झालंय, बऱ्याच गाड्यांत हाच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो, तो पंप हाताने फिरवून बघा. म्हणूनच बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप सगळं एकदमच बदलायचं. नवीन बेल्ट आणि जुनं बेअरिंग म्हणजे निम्मंच काम.

बसवताना बेल्टवर बाण असेल तर फिरायच्या दिशेने. मोडायचा नाही, पिळायचा नाही, स्क्रूड्रायव्हरने ढकलून चढवायचा नाही. क्रँकपासून सुरू करून ताणाची बाजू टाईट ठेवत वर न्या, जी ढील राहील ती टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. मग टेन्शन देऊन क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, नॉर्मल दिशेनेच, आणि मार्क पुन्हा बघा. मी एकदा इथेच घाण केली होती. मार्क वरून तिरका बघितला, जुळला असं वाटलं, कव्हरं-बिव्हरं लावून गाडी सुरू केली तर खडखड थरथरतेय आणि चढावर दमच नाही. एक दात चुकला होता. ४० दातांच्या कॅम पुलीला एक दात म्हणजे कॅम ९ अंश चुकला, क्रँकच्या हिशोबात १८. दिवसभराचं काम परत उघडलं. तेव्हापासून मी मार्कवर व्हाइटनरचा ठिपका देतो आणि डोळा पुलीच्या समोर नेऊनच बघतो, मान वाकडी झाली तरी.

प्रश्न : माझी गाडी ९ वर्षांची आहे पण फक्त ३० हजार किमी झालीय. टायमिंग बेल्ट अजून ओरिजिनल. सकाळी सुरू केल्यावर बेल्टचा चूं चूं आवाज येतो, तोच टायमिंग बेल्ट का?

उत्तर : नाही, तो चूं चूं करणारा बाहेरचा बेल्ट, अल्टरनेटरचा. टायमिंग बेल्टला दात असतात, तो घसरत नाही त्यामुळे असा ओरडतही नाही, बिचारा गुपचूप जातो. पण आवाज नाही म्हणून सोडू नका. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी होईल ते. साधारण ६० हजार ते १ लाख किमी किंवा ५ ते ७ वर्षं असं बऱ्याच गाड्यांत असतं, काहींत जास्तही, तुमचं नेमकं पुस्तकात बघा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ९ वर्षं झालीत, मी तर बदलून टाकला असता.

प्रश्न : चेनवाली गाडी घेतली तर ही कटकटच नाही ना?

उत्तर : कमी असते. चेन इंजिनाच्या आत तेलात चालते आणि तिला सहसा बदलायची मुदत नसते. पण तेल वेळेवर बदललं नाही तर चेनही ताणते, तिला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे गाईड, झिजतात, आणि मग सकाळच्या थंड स्टार्टला एक-दोन सेकंद खडखडते. फायदा एवढाच की ती बहुतेक वेळा आधी ओरडून सांगते. आणि हो, काही इंजिनांत बेल्टच तेलात चालतो, तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच तेल टाका, दुसरं टाकलंत तर रबर तुटून त्याचा चुरा तेलाच्या जाळीत जाऊन बसतो.