भाड्याचं घर आपलं कसं वाटेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला दीड वर्ष झालं, पुण्यात भाड्याचा वन बीएचके, सोफा-पडदे-भिंतीवरची चित्रं सगळं एकदमच ऑनलाइन मागवलं. आलागेला 'छान ठेवलंय हो घर' म्हणतो, पण तुम्हाला मात्र लॉजवर उतरल्यासारखं वाटतं. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत आणि खर्च पाच हजारांच्या आत बसवायचाय. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की तुम्ही अकोल्याच्या आणि नवरा कोल्हापूरचा. मी असते तर हे सगळ्यात आधी लिहिलं असतं.

मिस्टरांच्या बदल्यांपायी १७ वर्षांत सहा भाड्याची घरं झाली माझी. पहिल्या घरात मीही तुमच्यासारखंच केलं होतं. एका शनिवारी टेम्पो भरून सामान आणलं, त्यात बुद्धाचं एक डोकंही होतं. आमच्यात कुणी ध्यानाला बसत नाही, बुद्धाबद्दल कुणी चार ओळी वाचलेल्या नाहीत, तरी ते डोकं तीन वर्षं टीव्हीशेजारी होतं. पुढच्या बदलीत ते फुटलं आणि कुणालाही वाईट वाटलं नाही. त्याच टेम्पोत आजीच्या लुगड्यांची गोधडी सापडेना, तेव्हा मात्र मी रात्री अकरा वाजता खोकी उपसत बसले होते.

आधी स्वस्तातलं आणि लगेच होणारं सांगते. हॉलमधला तो पांढराफटक दिवा बदला. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं तो दवाखान्यासारखा उजेड. २७०० किंवा ३००० लिहिलेला पिवळसर बल्ब आणा, आणि एक दिवा छताला न ठेवता बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येईल असा कोपऱ्यात ठेवा. स्वयंपाकघरात पांढराच राहू द्या, भाजीतली अळी दिसली पाहिजे.

आता अकोला आणि कोल्हापूर. तुमच्या जिल्ह्यातल्या अकोटच्या सतरंज्यांचं एके काळी केवढं नाव होतं! माहेरी कपाटाच्या तळाशी किंवा माळ्यावर, लग्नकार्यात पंगतीला किंवा बैठकीला अंथरायची एखादी जाड सुती सतरंजी नक्की सापडेल. कडा विरल्या असतील तर तेवढा भाग दुमडून शिलाई मारून घ्या. हॉलमध्ये आत्ता जो राखाडी गालिचा असेल (असणारच, सगळ्यांकडे तोच असतो) तो गुंडाळा आणि ही अंथरा. धुता येते, उन्हात टाकता येते, पाहुणे जास्त झाले की त्यावर झोपताही येतं.

नवऱ्याच्या गावाकडून घोंगडी मागवा. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची, हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ लावलेली काळी घोंगडी. नवी घोंगडी टोचते आणि पावसाळ्यात तिला मेंढीचा वास येतो, हे आधीच सांगून ठेवते. अंगावर घ्यायला नको, दिवाणावर किंवा सोफ्याच्या पाठीवर टाका. एवढा दाट काळा रंग खोलीत आला की बाकीच्या फिक्या वस्तूंनाही जरा वजन येतं. सासऱ्यांना त्यावर बसलेलं एकदा बघा, मग मी काय म्हणते ते कळेल.

पडद्यांचंही तेच. जुन्या सुती साड्या वर नेफा घालून शिवून घेतल्या की दांडीत सरळ ओवता येतात. शिंपी अर्ध्या दिवसात देतो. सुतीच घ्या हं. जुना शालू किंवा पैठणी पडद्याला लावलीत तर घड्या पडतात तिथे रेशीम चिरतं, आणि पश्चिमेच्या उन्हात रंग जातो तो वेगळाच. तसलं जपायचं असेल तर फक्त पदराचा तुकडा चौकटीत घाला.

खिळ्यांचा प्रश्न. चिकटवायच्या हुकांवर विश्वास ठेवू नका, निदान भिंतीला साधं डिस्टेंपर असेल तर नाहीच. हूक रंगाला चिकटतो, रंग भिंतीला सोडतो. आमच्याकडे रात्री दोन वाजता चौकट खाली आली तेव्हा चोर आला म्हणून मिस्टर लाटणं घेऊन बाहेर आले होते. त्याऐवजी चौकटी टेकवून ठेवायला शिका: चपलांच्या कपाटावर, फ्रिजवर, खिडकीच्या कट्ट्यावर. आधीच्या भाडेकरूंनी मारून ठेवलेले खिळे मोजा, बहुतेक घरांत चार-पाच निघतात आणि त्यांचं पाप आपल्या माथी नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर असावा असं सांगतात, पण तो हिशोब उभ्या माणसाचा. आपण घरात बसतो, त्यातही गादी किंवा दिवाण असेल तर खालीच बसतो. तेव्हा खाली लावा.

आणि लावायचं काय? इथे एक गोष्ट सांगते. आमच्या पणजोबांची जमाखर्चाची वही सासरी माळ्यावर होती, पूर्ण मोडी लिपीत. घरात कुणालाच वाचता येत नाही, पण अक्षर असं वळणदार की मी एका पानाचा फोटो काढून मोठा छापून घेतला आणि चौकटीत घालून हॉलमध्ये ठेवला. येणारा जाणारा दोन मिनिटं थांबायचा, आम्हीही 'पणजोबांचं हस्ताक्षर' असं जरा छाती काढून सांगायचो. काही वर्षांनी मोडी वाचणारे एक गृहस्थ घरी आले. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं आणि हळूच म्हणाले, 'वहिनी, ही म्हशीसाठी काढलेल्या कर्जाची थकबाकी आहे.' दोन वर्षांचं व्याजही दिलेलं नव्हतं. सासूबाई तेव्हापासून पाहुण्यांना ती चौकट स्वतःहून दाखवतात, पूर्वी दाखवत नव्हत्या.

तुमच्या घरी मोडीची वही नसेल. पण आईच्या हातची वाणसामानाची यादी असेल, लोणच्याचं प्रमाण लिहिलेला तेलकट कागद असेल, वडिलांचा रेल्वेचा जुना पास असेल. मूळ कागद लावू नका, प्रत लावा. जुने फोटो लावलेत तर फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची कड घालायला सांगा. नाहीतर पावसाळ्यात दमटपणाने फोटो काचेला चिकटतो, आणि ओढून काढायला गेलं की चेहराच काचेवर राहतो. आमच्या मामांचा एक फोटो असाच गेला.

वारली चित्रांचं स्टिकर मात्र नको, ही माझी वैयक्तिक चीड समजा. ती चित्रं मुळात लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची, मधल्या चौकोनात, म्हणजे चौकात, पालघाट देवी असते. जिव्या सोमा मशे यांच्यासारखे डहाणूकडचे चित्रकार ती कागदावर आणि कापडावर घेऊन आले, २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली. आवडत असेल तर पैसे साठवून तिकडच्या एखाद्या चित्रकाराकडून छोटंसं का होईना, हाताने काढलेलं घ्या. फ्रिजवर चिकटवायला आवडती गाणी, ट्रेकचे नकाशे, काहीही चालेल.

पितळ-तांब्याचंही विचाराल म्हणून सांगते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ढीग असतो, पण तिथून घंगाळ आणणं म्हणजे दुसऱ्याचे पूर्वज विकत घेण्यासारखं वाटतं मला. घरचं चेपलेलं घंगाळ असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत घेऊन जा, ठोकून मठारून देणारे अजून आहेत. झाड लावायचं असेल तर कुंडीसकट आत ठेवा. माती थेट भरलीत तर हिरवी पुटं चढतात.

राहता राहिला तुमचा संकोच: 'सासरी-माहेरी वस्तू मागायच्या कशा?' दिवाळीच्या साफसफाईला दोन्हीकडे एकेक दिवस आधी जा आणि माळा काढायला मदत करा. कुणी काही द्यावं असं म्हणायची गरजच पडत नाही. 'हे टाकायचंय' म्हणून जो ढीग दाराशी लागतो, त्याच्यापाशी बोहारणीच्या आधी तुम्ही पोचायचं. दोन साड्यांच्या बदल्यात तिच्याकडून स्टीलचं पातेलं येतं, ते पातेलं तुम्ही सासूबाईंना स्वतःच्या पैशाने आणून द्या.